लॅपटॉप जोडला की हमिंग: चर्चच्या साऊंडमधली पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

गीतांचे शब्द पडद्यावर दाखवायला लॅपटॉप लावला, त्याचा आवाज मिक्सरला (माईक-वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) जोडला, आणि त्याच क्षणी स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ सुरू झालं. चर्चमध्ये साऊंड सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ही तक्रार कधी ना कधी ऐकलेली असते. गाणी चालू असताना हे हमिंग फारसं जाणवत नाही. पेटी, तबला, कीबोर्ड आणि मंडळीचा आवाज यांत ते बुडून जातं. पण शांत प्रार्थना सुरू झाली किंवा प्रभुभोजनाच्या वेळी सगळे डोळे मिटून बसले, की तेवढं एकच ऐकू येत राहतं. कानाला यंत्र लावणाऱ्या ज्येष्ठांना त्याचा जास्तच त्रास होतो. म्हणून ही किरकोळ गोष्ट समजून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हा घोळ परत परत का येतो? वायर बदलली, बंद झालं. चार्जर दुसऱ्या सॉकेटला लावला, बंद झालं. पुढच्या रविवारी ड्युटीवर तरुण संघाचा दुसरा मुलगा असतो, तो चार्जर खिडकीजवळच्या बोर्डाला लावतो, आणि पुन्हा तेच. दर वेळी योगायोगाने जुळलेली मांडणी पुढच्या आठवड्यात मोडते. मांडणी कुणीही केली तरी हमिंग येऊ नये, इतका पक्का उपाय करता येतो आणि त्याला फार खर्चही येत नाही.

आधी आवाज ओळखा

स्पीकरमधून येणारा प्रत्येक नको असलेला आवाज म्हणजे हमिंग नव्हे. शिट्टी मारत असेल तर ते फीडबॅक, म्हणजे माईकने स्पीकरचाच आवाज परत पकडणं. त्या माईकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घेतला की थांबतं आणि त्याचा उपाय वेगळा आहे. नुसती ‘सूंऽऽ’ अशी फुसफुस असेल तर कुठल्या तरी चॅनलचा गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण) गरजेपेक्षा जास्त चढवलेला असतो. ‘टिक टिक टिर्रर’ असं तुटक वाजलं तर मिक्सरवर किंवा वायरीजवळ कुणाचा तरी मोबाईल ठेवलेला आहे. तो दूर करा.

आपण ज्याच्या मागे आहोत तो आवाज खर्जातला, एकसारखा, न तुटणारा असतो. आपल्याकडची घरगुती वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची. ते ५० हर्ट्झ, आणि सोबत १०० आणि १५०, हेच कानावर येत असतात. त्यावर ‘झर्रर’ अशी कर्कश चरचर असेल तर पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्यांचा डिमर किंवा एलईडीची माळ यांच्यावर संशय घ्यावा. आणि बारीक किरकिर येत असेल, माऊस हलवला किंवा स्लाईड बदलली की ती बदलत असेल, तर ती लॅपटॉपच्या आतून किंवा त्याच्या चार्जरमधून येते. तिचाही उपाय पुढे दिलेलाच आहे.

आणखी एक झटपट चाचणी. लॅपटॉपच्या चॅनलचा फेडर खाली घ्या. हमिंग गेलं तर ते त्या चॅनलमधूनच आत येतंय. मास्टर फेडर पूर्ण खाली घेतला तरी चालूच असेल, तर बिघाड मिक्सरच्या पुढे आहे, म्हणजे मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर किंवा पॉवर्ड स्पीकर यांच्यामध्ये. मग लॅपटॉपच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका.

होतं काय

मिक्सरला तीन पिनच्या प्लगमधून अर्थिंग मिळतं. प्रोजेक्टरलाही मिळतं, पण तो छताला टांगलेला, दुसऱ्याच सॉकेटवर, बहुतेक वेळा दुसऱ्याच सर्किटवर. लॅपटॉप या दोघांच्या मधे असतो. एचडीएमआय केबलच्या धातूच्या जाळीतून तो प्रोजेक्टरच्या अर्थिंगला जोडला जातो आणि ऑक्स केबलच्या (लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघणाऱ्या आवाजाच्या वायरीच्या) जाळीतून मिक्सरच्या अर्थिंगला. चार्जर तीन पिनचा असेल तर तिसरी वाटही तयार होते. अशा रीतीने अर्थिंगचं एक मोठं वर्तुळ पूर्ण होतं. या दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये व्होल्टचा अगदी थोडा फरक असला तरी त्या वर्तुळातून प्रवाह वाहतो, आणि तो ऑक्स केबलच्या जाळीतून जातो. ऑक्स केबलमध्ये हीच जाळी आवाजाच्या सिग्नलचीही परतीची वाट असते. म्हणून विजेचे ५० हर्ट्झ गाण्यात मिसळतात.

आपल्या जुन्या चर्चमध्ये हे जास्त दिसतं, आणि त्याचं कारण इमारतींच्या इतिहासात आहे. नगर, सातारा, सोलापूर या भागांतली कित्येक चर्च अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली. नगरला या मिशनचं काम सुरू झालं ते १८३१ साली. जुन्या वास्तू बांधल्या तेव्हा वीज नव्हती. दिवे नंतर आले, पंखे त्यानंतर, मग माईक, आणि प्रोजेक्टर व कॅमेरे अगदी अलीकडे. दर टप्प्याला कुणीतरी दगडी भिंतीवरून पट्टीत नवी वायर ओढली. त्यामुळे वेदीजवळचा सॉकेट आणि मागच्या गॅलरीतला सॉकेट यांची अर्थिंगची वायर कित्येक मीटर वेगळ्या वाटेने फिरून येते. थ्री-फेज कनेक्शन (विजेच्या तीन जिवंत वायरींचं) असेल तर ते दोन सॉकेट वेगवेगळ्या फेजवरही असू शकतात. दोन फेजमध्ये साधारण ४०० व्होल्टचं अंतर असतं. तेव्हा लांबच्या दोन सॉकेटवरून एक्स्टेंशन आणून दोन्ही बोर्ड साऊंडच्या टेबलावर शेजारी ठेवण्याआधी इलेक्ट्रिशियनला जरूर विचारा.

शनिवारी संध्याकाळी करायची तपासणी

रविवारी सकाळी उपासनेच्या आधी हे करू नका. लोक येत असतात, क्वायरला माईक हवे असतात, आणि घाईत पाच गोष्टी एकदम बदलल्या जातात. मग नेमकं कशाने थांबलं ते कळतच नाही. शनिवारी गायनाचा सराव संपला की थांबा. रविवारी असतात तेवढे पंखे आणि दिवे चालू ठेवा, नाहीतर निष्कर्ष चुकेल. कोणतीही वायर काढण्या-लावण्याआधी मास्टर फेडर खाली घ्या. अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद. वायर ओढताना होणारा ‘धप्प’ स्पीकरचा ट्वीटर (बारीक आवाज काढणारा भाग) उडवू शकतो.

मिक्सरमधून सगळ्या वायरी काढा. फक्त मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून ऐका. शांत असेल तर पुढे जा. आता लॅपटॉप फक्त बॅटरीवर ठेवा, चार्जर नाही, एचडीएमआय नाही, यूएसबीला काही नाही, आणि ऑक्स केबल जोडा. इथे शांतच असायला हवं. (ऑक्स केबलचं दुसरं टोक मोकळं लोंबकळत असेल तर ते स्वतःच घुमतं, त्याने फसू नका; टोक लॅपटॉपला लागलेलं असतानाच ऐका.) बॅटरीवरच्या एकट्या लॅपटॉपलाही हमिंग असेल तर केबल खराब आहे, किंवा ती विजेच्या वायरीला चिकटून लांबवर नेलेली आहे. आवाजाची वायर विजेच्या वायरीपासून फूटभर दूर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

आता चार्जर लावा. ऐका. चार्जर काढा, एचडीएमआय लावा. ऐका. मग दोन्ही लावा. कॅमेऱ्याची कॅप्चर कार्डं, नेटवर्कची केबल, बाहेरचा मॉनिटर, जे जे रविवारी जोडलं जातं ते एकेक करून लावत जा आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहा. बहुतेक ठिकाणी उत्तर दोनांपैकी एक निघतं: चार्जर लावल्याबरोबर सुरू होतं, किंवा प्रोजेक्टरची एचडीएमआय लावल्याबरोबर. ‘चार्जर काढला तरी जात नाही, म्हणजे चार्जरचा दोष नाही’ असा निष्कर्ष लोक घाईने काढतात. एचडीएमआयने तोवर दुसरी वाट जोडून दिलेली असते.

अर्थिंगची पिन तोडू नका

मी हा सगळा लेख लिहिण्याचं मुख्य कारण हेच आहे. हमिंगवर एक फुकटचा उपाय सर्रास सांगितला जातो: मिक्सरच्या किंवा गिटार अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमधून लावा. हमिंग जातं, हे खरं. कारण वर्तुळ तुटतं. पण त्याबरोबर माणसाचा जीव वाचवणारी वायरही तुटते.

गिटार अ‍ॅम्पच्या आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, आणि त्याचं अर्थिंग काढून टाकलेलं असलं, तर गिटारच्या तारांपर्यंत २३० व्होल्ट पोचतात. वाजवणाऱ्याला तोवर काही कळत नाही. मग तो गाण्यासाठी पुढे वाकतो आणि त्याचे ओठ माईकच्या जाळीला लागतात. तो माईक मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेला असतो. प्रवाह त्याच्या शरीरातून जातो. अर्थिंग शाबूत असतं तर बिघाड झाला त्याच क्षणी फ्यूज उडाला असता किंवा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पडला असता.

३० ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या वेको शहरात पाळक काईल लेक बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उभे होते. त्यांनी मायक्रोफोनकडे हात नेला आणि विजेचा धक्का बसून त्यांचा मृत्यू झाला. उपासना चालू होती, मंडळी समोर बसलेली होती. आपल्याकडे पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारी बरीच चर्च आहेत. तिथे हौदाजवळ वायरचा माईक नेऊच नका. बॅटरीवर चालणारा कॉर्डलेस माईक वापरा. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते पाहा. नसेल तर नवीन स्पीकर घेण्याआधी पास्ट्रेट कमिटीपुढे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे) तो विषय ठेवा. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो का, हे अधूनमधून बघत जा.

ज्या चर्चमध्ये पिन आधीच तोडलेली सापडेल, तिथे तो प्लग त्याच दिवशी बदला. हमिंग परत आलं तर येऊ द्या. त्याचा उपाय खाली आहे.

खरा उपाय

पहिला भाग फुकटचा. मिक्सर, लॅपटॉपचा चार्जर, कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर, रेकॉर्डिंगचं सामान, हे सगळं एकाच सॉकेटवरच्या एका चांगल्या स्पाईक बोर्डावर आणा. प्रोजेक्टरची वायर पोचत असेल तर तोही त्याच सर्किटवर घ्या. या सगळ्यांचा मिळून भार काही शे वॅटच असतो, आणि ६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे १,३८० वॅट चालतात. मोठा अ‍ॅम्प्लिफायर मात्र वेगळ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर असावा. या बोर्डावर महिला मंडळाच्या चहाची इलेक्ट्रिक किटली कुणी लावणार नाही एवढं पाहा. तिचे एकटीचेच १,५०० ते २,००० वॅट असतात.

एवढ्याने हमिंग पुष्कळ कमी होतं, कधी जातंही. पण छतावरचा प्रोजेक्टर दुसऱ्या सर्किटवर राहिला तर ते उरतं. मग दुसरा भाग: लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स. ट्रान्सफॉर्मरमध्ये आवाजाचा सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना लागत नाहीत. गाणं पोचतं, अर्थिंगचा प्रवाह पोचत नाही. बॉक्सवर ‘ग्राऊंड लिफ्ट’ असा एक खटका असतो. तो फक्त सिग्नलच्या केबलची जाळी सोडवतो, विजेचं अर्थिंग नाही, त्यामुळे तो बिनधास्त वापरा. एका स्थितीत हमिंग येईल, दुसरीत जाईल. तिथेच ठेवून चिकटपट्टी लावून टाका.

बॉक्स लॅपटॉपच्या जवळ ठेवा. लॅपटॉपपासून बॉक्सपर्यंत आखूड ऑक्स केबल, आणि बॉक्सपासून मिक्सरपर्यंत माईकची नेहमीची तीन पिनची एक्सएलआर केबल. ती कितीही लांब नेली तरी फारसं बिघडत नाही, कारण तिच्यात सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो आणि दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट मिक्सर वजा करून टाकतो. लॅपटॉपचा आवाज ७०-८० टक्क्यांवर ठेवा आणि मिक्सरचा गेन खाली. लॅपटॉप २० टक्क्यांवर आणि गेन वर अशी मांडणी असेल तर उरलंसुरलं हमिंग आणि फुसफुस दोन्ही मोठी होऊन येतात.

बाजारात काही शे रुपयांत छोटे ‘ग्राऊंड लूप आयसोलेटर’ मिळतात, ऑक्स केबलच्या मध्ये लावायचे. आत ट्रान्सफॉर्मरच असतात, पण लहान; त्यामुळे खर्जातला आवाज थोडा पातळ होतो. संडे स्कूलच्या व्हिडिओंना तेवढं पुरतं. ज्या चर्चमध्ये ट्रॅकवर गाणी म्हणतात तिथे मात्र डीआय बॉक्सच घ्यावा, ढोलकी-तबल्याचा भरीवपणा टिकतो.

इथेच आणखी एक जोडीदार तक्रार सांगून टाकतो, कारण ती हमिंगसोबतच येते: ‘ट्रॅक वाजतो, पण त्यातला गाणाऱ्याचा आवाजच गायब.’ लॅपटॉपची पिन स्टीरिओ असते, डावा आणि उजवा असे दोन आवाज. ती तशीच मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये (दोन तारांतला फरक घेणाऱ्या) खुपसली की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्हींत सारखा असतो, तो वजा होऊन जातो. उपाय म्हणजे दोन चॅनलचा स्टीरिओ डीआय, किंवा डावा-उजवा वेगळा करणारी वाय केबल आणि मिक्सरचे दोन चॅनल. आणि लॅपटॉप थेट एक्सएलआरमधून माईकच्या चॅनलला जोडलेला असेल तर ४८ व्होल्टचं फँटम (मिक्सर माईकला पुरवतो ती वीज) बंदच ठेवा, लॅपटॉपचा आवाजाचा भाग त्याने जळू शकतो.

‘लो कट’चं बटण दाबून, म्हणजे मिक्सरला खर्जातला आवाज कापायला लावून, हमिंग घालवणारे भेटतात. पाळकसाहेबांच्या आणि शास्त्रपाठाच्या माईकवर लो कट असावाच, शब्द स्वच्छ होतात. पण साधारण ८० हर्ट्झचा लो कट ५० हर्ट्झ दाबतो, १०० आणि १५० तसेच राहतात. आणि डग्ग्याच्या माईकवर किंवा कीबोर्डवर तो लावला तर वाद्याचा जीवच जातो. त्याला हमिंगचा इलाज म्हणून वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

लॅपटॉप काढला तरी हमिंग असेल तर

मग इमारतीचं अर्थिंग तपासावं लागतं, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. आपण फक्त त्याला नेमकं काय विचारायचं ते जाणून असावं. साऊंडच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरने फेज ते न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. फेज ते अर्थ खूप कमी दाखवत असेल तर अर्थिंग कुठेतरी तुटलेलं आहे. वेदीजवळचा आणि मागचा, दोन्ही सॉकेट मोजायला सांगा.

एक चुकीची पद्धत मुद्दाम शोधायला सांगा: अर्थिंगची वायर पोचत नाही म्हणून सॉकेटच्या आतच अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडलेले. मीटर सगळं ठीक दाखवतो, पण न्यूट्रलचा चालू प्रवाह अर्थिंगमधून फिरू लागतो, हमिंग वाढतं, आणि न्यूट्रल तुटला तर उपकरणाच्या पत्र्यावर फेज येते. जुन्या इमारतीत हे सापडतं.

आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडेही बघा. एप्रिल-मे महिन्यांत जमीन सुकते आणि त्याचा रोध वाढतो. पूर्वीचे वडील उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचे, ते योग्यच होतं.

नाताळ, मांडव आणि थेट प्रक्षेपण

वर्षभर शांत असलेली सिस्टीम डिसेंबरात चरचरू लागली तर चांदणी आणि दिव्यांच्या माळा पाहा. लुकलुकण्याच्या तालावर ‘झर्र-झर्र’ होत असेल तर संशयाला जागाच नाही. माळांचा प्लग साऊंडच्या सर्किटवरून काढा आणि माळा माईकच्या वायरींवरून, क्वायरच्या जागेवरून नेऊ नका. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज कर्कश होत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आहे; साऊंडसाठी साईन वेव्हचा लागतो. मांडवातल्या सभेला भाड्याचा साऊंड असेल तर त्यांचा जनरेटर आणि आपला लॅपटॉप वेगवेगळ्या विजेवर राहतात, म्हणून आपला डीआय बॉक्स बरोबर न्या आणि चार्जर त्यांच्याच बोर्डाला लावा.

थेट प्रक्षेपणात तर हमिंग चर्चमध्ये बसलेल्यांना ऐकूच येत नाही, पण मुंबईत, दुबईत किंवा घरी अंथरुणाला खिळून हेडफोनवर उपासना ऐकणाऱ्याला संपूर्ण उपदेशभर ऐकू येतं. प्रक्षेपण सांभाळणाऱ्याच्या कानाला हेडफोन हवाच, आणि तो मिक्सरला लावलेला नको, प्रक्षेपणाच्या फोनला किंवा लॅपटॉपला हवा. फोनवरून प्रक्षेपण करत असाल आणि तो चार्जिंगला लावल्यावरच हमिंग येत असेल, तर चार्जर काढून पॉवर बँक लावा. तिचा भिंतीतल्या विजेशी संबंधच नसतो. पॉवर बँक शनिवारी रात्री भरून ठेवायची जबाबदारी कुणाची, हे ड्युटीच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहा.

सगळं जुळलं की मांडणीचा फोटो काढून साऊंडच्या टेबलाच्या आत चिकटवा. प्रत्येक प्लगवर मराठीत नाव लिहा: ‘लॅपटॉप’, ‘प्रोजेक्टर’, ‘कीबोर्ड’. डीआय बॉक्सवर ‘हा काढू नये’ असं ठळक लिहा, आणि त्याच्यासाठी एक जादा एक्सएलआर केबल कपाटात ठेवा.